भिंतीत बुजलेलं दार

(जंगलातल्या जुन्या विश्रामगृहांवर स्वातंत्र्यानंतर झालेल्या दुरुस्त्यांविषयी कुरखेडा येथे दिलेलं स्मृतिव्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मला चौथीत भूगोल शिकवला. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडू दिलं नाही. पाटीवर शाळेच्या खोलीचा नकाशा काढायला सांगितला. मी चार भिंती काढल्या आणि पाटी पुढे केली. ते म्हणाले, ‘दार कुठे आहे? आधी दार दाखव. दारावरून कळतं, घरात कोण येतं आणि कुठून येतं.’ पुढे मी स्थापत्य शिकलो, पस्तीस वर्षं बांधकामावर काढली, पण कोणत्याही इमारतीत शिरताना पहिला प्रश्न मनात येतो तो गुरुजींचाच. आज तुमच्यापुढे मी एका दाराबद्दलच बोलणार आहे.

विषय आहे आपल्या जंगलातली जुनी विश्रामगृहं. सरकारी कागदावर वन विश्रामगृह, साहेबांच्या तोंडी रेस्ट हाउस, आणि आपल्या गावात नुसतं ‘बंगला’. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तुम्ही कुठल्याही जुन्या जंगलवाटेने जा, तळ्याच्या काठी किंवा नदीच्या उंच दरडीवर, मोठ्या झाडाखाली, गावापासून थोडा हटून एक बंगला सापडतो. ताडोब्याच्या तळ्याकाठी आहे, आलापल्लीच्या सागवनात आहे. या बंगल्यांचा इंग्रजी काळ पुष्कळांनी लिहिला. शिकारकथा लिहिल्या, आठवणी लिहिल्या. पण १९५० ते १९७० या वीस वर्षांत आपल्याच सरकारने, आपल्याच मिस्तऱ्यांकडून या बंगल्यांमध्ये जे फेरफार केले, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. बोललंच तर इतकंच, की ‘जुना बंगला किती देखणा होता, नंतरच्या लोकांनी बिघडवला.’ हे वाक्य मीही अनेक वर्षं म्हणत आलो. ते अर्धंच खरं आहे, एवढं सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

आधी बंगला कसा आला ते पाहू. १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. चारच वर्षांनी बाबुराव शेडमाके यांनी या भागात उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी दिलं गेलं. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. १८६४ साली डीट्रिश ब्रँडिस यांच्या हाताखाली हिंदुस्थानचं जंगल खातं उभं राहिलं, १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे आले. सागाची मोजणी सुरू झाली, जंगलाला हद्दीचे खांब लागले. मोजणाऱ्या साहेबाला रात्रीचा मुक्काम हवा होता. सुरुवातीला तंबू होते, पुढे बंगले झाले. एका बंगल्यापासून दुसरा घोड्यावरच्या एका दिवसाच्या मजलेवर, हा त्यांचा हिशोब.

आपल्या कुरखेड्याची गोष्ट थोडी निराळी. इथलं पुष्कळ जंगल जमीनदाऱ्यांचं होतं. पलसगड, गेवर्धा, सोनसरी, कोरचा ही नावं आज आपण गावं म्हणून घेतो, तेव्हा ती जमीनदाऱ्यांची नावं होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी रद्द झाली आणि १९५१ साली ही जंगलं सरकारकडे आली. त्या वेळी आपण मध्य प्रदेशात होतो. १९५६ साली मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, आणि १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तीस वर्षांत माणूस घरातून हलला नाही, पण त्याचं राज्य दोनदा बदललं आणि जिल्हाही बदलला. बंगल्याचं तसंच झालं. तो जागचा हलला नाही, पण त्याचा मालक, त्यात उतरणारा पाहुणा आणि त्याची दुरुस्ती करणारा हात, तिन्ही बदलले.

आता मी तुम्हाला एका बंगल्यात घेऊन जातो. तो इथून एका दिवसाच्या पायपिटीवर आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कमी-अधिक फरकाने अनेक बंगल्यांना लागू आहे.

जोतं कमरेइतकं उंच. वाळवी, साप आणि पावसाचं पाणी या तिघांपासून बचाव म्हणून. चारही बाजूंनी पडवी, आठ-नऊ फूट रुंद, तिला सागाचे खांब. मधे जेवणाची खोली, दोन अंगांना दोन निजायच्या खोल्या. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, विटा चुन्यात बसवलेल्या. हा चुना बैलाच्या घाण्यात रेती आणि सुरखीबरोबर मळलेला. वर सागाच्या कैच्या, त्यांवर वासे, त्यांवर कवेलू. भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके, म्हणजे तापलेली हवा वर चढून बाहेर पडावी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हाही पडवीमुळे ऊन मुख्य भिंतीला शिवत नसे. आत शिरलं की अंगावरचा घाम दोन मिनिटांत निवायचा. स्वयंपाकघर बंगल्याला लागून नव्हतं, मागे वीस-पंचवीस पावलांवर होतं, आगीची आणि धुराची भीती म्हणून.

इथवर सगळं देखणं आहे. आता दारं पाहू.

निजायच्या खोलीमागे न्हाणी होती, आणि त्या न्हाणीला दोन दारं होती. एक खोलीतून, साहेबासाठी. दुसरं बाहेरून, मागच्या अंगणातून. त्या मागच्या दाराने पाणक्या विहिरीचं पाणी आणून माठ भरायचा. त्याच दाराने आणखी एक माणूस यायचा, ज्याला लोक नावाने नव्हे, जातीनेच हाक मारत. न्हाणीत लाकडी खुर्चीखाली भांडं असायचं, ते तो उचलून न्यायचा, रिकामं करायचा, धुऊन परत ठेवायचा. साहेबाला तो दिसू नये म्हणूनच ते दार मागे होतं. निजायच्या खोलीच्या भिंतीत वरच्या बाजूला मुठीएवढं भोक होतं. त्यातून पंख्याची दोरी पडवीत यायची, आणि पडवीत बसून एक माणूस रात्रभर ती ओढायचा. बंगल्यातलं पाणी, मैला आणि वारा, तिन्ही माणसांच्या हातांनी चालत होते, आणि बंगल्याचा नकाशाच असा होता की ते हात साहेबाच्या नजरेस पडू नयेत.

याला जोडून बेगार होती. साहेबाचं सामान पुढच्या मुक्कामापर्यंत डोक्यावरून पोचवायचं, लाकूडफाटा आणायचा, कोंबड्या आणि दूध हजर करायचं. आपल्या आजे-पणजांच्या तोंडून हे ऐकलेले लोक या मांडवातही असतील. त्यामुळे गावकऱ्याला बंगला म्हणजे हुकुमाची जागा वाटत असे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, याच तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला गोळीबार झाला, कोवळी पोरं मारली गेली, आणि संतापलेला जमाव चालून गेला तो बंगल्यावर. तिथे उतरलेले सरकारी अधिकारी त्या दिवशी मारले गेले. त्या मृत्यूंचं मला समर्थन करायचं नाही. पण राग काढायला लोक बंगल्याकडेच का गेले, हे इमारती अभ्यासणाऱ्याने विसरू नये.

आता १९६३ सालाकडे येतो. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. माझे वडील मिस्तरी होते. त्या वर्षी बंगल्याच्या दुरुस्तीचं काम निघालं आणि ते दीड महिना तिथे राहिले. सुटीत मी त्यांच्याबरोबर होतो. विटा भिजत घालायच्या आणि दुपारी चहाची किटली न्यायची, एवढंच माझं काम.

काम काय काय झालं, ते क्रमाने सांगतो. बंगल्याच्या मागे खड्डा खणून दोन कप्प्यांची सेप्टिक टँक बांधली. न्हाणीत चिनी मातीचं भांडं बसवलं, वर साखळी ओढायची लोखंडी टाकी. न्हाणीवर सिमेंटची स्लॅब आली, कारण वर पाण्याची टाकी ठेवायची होती. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं, गोण्या मोजून यायच्या, म्हणून स्लॅब फक्त दोन जागी पडली: न्हाणीवर आणि पुढच्या पोर्चवर. पोर्च कशासाठी? जीपसाठी. घोडा गेला होता, जीप आली होती. मागच्या पडवीचा एक भाग विटांनी बंद करून सामानाची खोली केली. खालची शहाबादी फरशी काढून दोन खोल्यांत सिमेंटची रंगीत टाइल बसवली. आणि न्हाणीचं मागचं दार बुजवलं.

ते दार बुजवताना मी तिथे होतो. वडिलांनी आधी फळ्या काढल्या, बिजागऱ्या काढून बाजूला ठेवल्या. चौकट मात्र काढली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, चौकट भिंतीत बांधलेली आहे, उपटली तर भोवतालचा जुना चुना ढासळेल. मग त्या चौकटीच्या आत त्यांनी एकावर एक विटा रचल्या, सिमेंटच्या मालात, आणि वरून गिलावा केला. संध्याकाळपर्यंत तिथे भिंत झाली होती.

त्या काळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आज वाटतं, की त्या दीड महिन्यात झालेल्या कामांपैकी हेच काम सगळ्यांत मोठं होतं. वीज त्या बंगल्यात पुढे अनेक वर्षांनी आली. तोवर वरच्या टाकीत पाणी माणूसच भरत होता. पंख्याचं भोकही तसंच होतं. पण मैला उचलायला त्या दिवसानंतर त्या बंगल्यात कोणी आलं नाही. येण्याचं दारच उरलं नाही.

हे जे एका आडवाटेच्या बंगल्यात झालं, त्यामागे मोठी मशागत होती. इथून पश्चिमेला सेवाग्रामला १९३६ साली गांधीजी राहायला आले. मातीच्या भिंतींची, कवेलूंची ती घरं आपण पाहिली आहेत. तिथला नियम असा होता की संडासाची सफाई आश्रमातल्या माणसांनी स्वतः करायची. त्याच प्रश्नाला कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी आयुष्य दिलं. कणकवलीजवळ गोपुरीला त्यांनी संडासाचे प्रयोग केले, ‘गोपुरी संडास’ हे नाव तिथूनच आलं. १९४९ साली तेव्हाच्या मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. आपल्या विदर्भात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले, आणि १९५६ साली गेले. कोरड्या संडासांवर आणि हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायला मात्र १९९३ साल उजाडलं, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. म्हणजे आमच्या वडिलांनी १९६३ साली रचलेल्या विटा कायद्याच्या तीस वर्षं पुढे होत्या. त्या विटांनी प्रश्न मिटला, असंही मी म्हणणार नाही. सेप्टिक टँक उपसायला उतरलेली माणसं आजही गुदमरून मरतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण तो अन्याय भिंतीतच बांधून ठेवलेला होता, आणि निदान भिंतीतून तो काढला गेला.

आता दुसरी बाजू. त्या वीस वर्षांच्या दुरुस्त्यांनी बंगल्याचं नुकसानही केलं, आणि पुढे तसंच नुकसान करणाऱ्यांत मीही आहे.

पडवी बंद केली की काय होतं? बंगल्याची सावली जाते. मागची पडवी बंद झाल्यावर वारा एका बाजूने आला तरी दुसऱ्या बाजूने निघायला जागा राहत नाही. मागचे झरोके नव्या खोलीआड गेले. न्हाणीवरची चार इंच स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते खाली सोडते. तीच स्लॅब उन्हात फुगते, थंडीत आकसते, आणि चुन्याच्या जुन्या भिंतीवर घट्ट बसलेली असल्यामुळे भिंतीच्या माथ्याला आडवा तडा पाडते. असा तडा तुम्ही कित्येक जुन्या शाळांतही पाहिला असेल.

गिलाव्याची गोष्ट याहून वाईट. चुन्याची भिंत श्वास घेते, असं मिस्तरी म्हणत. ते शब्दशः खरं आहे. जमिनीतून आणि पावसातून भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर निघून जाते. त्यावर सिमेंटचा टणक थर दिला की ओल आत कोंडते. मग वीट आतून कुजल्यासारखी भुगा होते, क्षार वर येतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे पडतात. १९८० च्या दशकात नोकरीत असताना मी अशा तीन जुन्या इमारतींवर सिमेंटचा गिलावा करून घेतला. चुना मळणारा माणूस मिळत नव्हता, अंदाजपत्रकात सिमेंटचाच दर होता, आणि मला वाटत होतं की सिमेंट म्हणजे मजबुती. पाच वर्षांनी त्यातली एक इमारत पाहायला गेलो, तर खालच्या दोन फुटांत बोटाने विटेचा चुरा निघत होता. ती चूक माझी होती, आणि तिची आठवण म्हणून मी चुन्याचं काम पुन्हा शिकायला बसलो.

आणि कवेलू. दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, फुटलेले काढायचे, नवे बसवायचे. वानरांच्या उड्यांनी दर मोसमात शेकड्यांनी कवेलू फुटतात, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून चौकीदारानेच साहेबाला सांगितलं असेल, की पत्रा टाका. कवेलूंच्या जागी सिमेंटचा पत्रा आला. चौकीदाराचा त्रास वाचला. पण कुंभाराचं काम गेलं, फेरणाऱ्याचं काम गेलं, आणि खोली तव्यासारखी तापू लागली. म्हणूनच सांगतो, प्रत्येक फेरफारामागे कोणाची तरी खरी अडचण असते. ती अडचण समजून न घेता नुसतं ‘बिघडवलं’ म्हणणं सोपं आहे, पण त्यातून पुढची दुरुस्ती शहाणपणाने होत नाही.

मग करायचं काय? जुनी इमारत दुरुस्त करताना तिला कोणत्या सालात नेऊन उभं करायचं? १८९० मध्ये? १९६३ मध्ये? हा प्रश्न एकट्या आपल्यापुढचा नाही.

१९६४ साली व्हेनिसला जगभरचे वास्तुतज्ज्ञ जमले आणि त्यांनी जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद तयार केली. तिच्या अकराव्या कलमाचा आशय असा, की वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी टाकलेली खरी भर मानाने सांभाळली पाहिजे. सगळी वास्तू एका शैलीची दिसावी, हा जतनाचा हेतू नव्हे.

अमेरिकेतही तोच काळ होता. १९५६ ते १९६६ या दहा वर्षांत तिथल्या राष्ट्रीय उद्यानांनी ‘मिशन ६६’ नावाचा कार्यक्रम राबवला. युद्धानंतर मोटारी वाढल्या, पाहुण्यांची गर्दी वाढली, आणि जंगलातल्या जुन्या लाकडी वसतिगृहांच्या जोडीला काँक्रीट आणि काचेच्या नव्या इमारती आल्या. आपल्याकडे पोर्च ज्या कारणाने आला त्याच कारणाने, म्हणजे माणूस आता घोड्यावरून नव्हे, मोटारीने येत होता म्हणून. पुढे त्या इमारतींना लोक कुरूप म्हणू लागले. गेटिसबर्गच्या रणभूमीवर रिचर्ड न्यूट्रा या नामवंत वास्तुकाराने १९६० च्या सुमारास बांधलेली एक इमारत होती. रणभूमी १८६३ साली जशी दिसत होती तशी पुन्हा दिसावी, म्हणून २०१३ साली ती पाडली गेली. बाजूने आणि विरोधात पुष्कळ वाद झाला. मला त्या वादातला एकच मुद्दा मोलाचा वाटतो. १८६३ सालचं दृश्य परत आणताना मधल्या शंभर-दीडशे वर्षांत लोकांनी त्या जागेचा अर्थ कसा लावला, ते पुसलं जातं.

इतकं लांब जायलाही नको. चामोर्शीजवळचं मार्कंडा पाहा. तिथल्या मुख्य मंदिरावर वीज पडून शिखर कोसळलं आणि नंतर गोंड राजवटीत त्याची दुरुस्ती झाली, आत आधाराला जाडजूड खांब आणि कमानी घातल्या गेल्या, असं नोंदलेलं आहे. मूळ कोरीवकामापुढे ते खांब ओबडधोबड दिसतात. पण ते नसते तर आज आपण काय पाहिलं असतं? ते खांब म्हणजे त्या काळच्या माणसांनी देवळाला दिलेला खांदा आहे. ‘मूळचं नाही’ म्हणून तो काढून टाका, असं कोणी म्हणणार नाही.

हे आज सांगण्याचं कारण आहे. गेल्या काही वर्षांत जंगल पर्यटन वाढलं. जुन्या बंगल्यांना पाहुणे मिळू लागले, ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्याबरोबर एक शब्द आला आहे, ‘ब्रिटिशकालीन लूक’. मी ज्या बंगल्याबद्दल बोलतोय, त्याच्या नूतनीकरणाचा एक कच्चा आराखडा मध्यंतरी माझ्या पाहण्यात आला. कोणी केला ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. करणारा माणूस मनापासून काम करणारा होता. त्यात पडवी मोकळी करणं होतं, कवेलू परत आणणं होतं, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा होता. वाचून मला आनंद झाला. आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं: न्हाणीचं मूळचं बाहेरचं दार पूर्ववत उघडणे. नकाशात त्या जागी नीट सागाचं दार काढलेलं होतं, पितळी कडीसह.

त्या तरुण माणसाला ते दार कशासाठी होतं हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, हवेसाठी असेल. दोष त्याचा नाही. आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. आमच्या पिढीने तो काळ पाहिला आणि नोंदवला नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती मी या व्यासपीठावरून सगळ्यांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, कोणत्याही जुन्या बंगल्याला हात लावण्यापूर्वी त्याचं मोजमाप आणि नकाशा व्हावा, आणि त्या नकाशावर प्रत्येक भिंत कोणत्या काळातली ते लिहावं. हे लिहिण्यासाठी म्हातारे चौकीदार, खानसामे, मिस्तरी आणि गावातल्या जुन्या बाया यांना विचारावं. त्यांच्याइतकं कागदपत्रांना माहीत नाही. ही माणसं आता थोडी उरली आहेत.

दुसरी, सिमेंटचा गिलावा जिथे भिंत खातो आहे तिथे तो काढावा, आणि चुना परत आणावा. आपल्या तरुणांना चुन्याचं काम शिकवता येतं, आणि त्यावर त्यांना पोटही भरता येतं.

तिसरी, पडवी मोकळी करावी. पण फक्त पाहुण्याच्या आरामखुर्चीसाठी नव्हे. नवेगावबांधसारख्या ठिकाणी राहून मारुती चितमपल्ली यांच्यासारखा वनाधिकारी जंगल शिकला तो गावातल्या जाणकार माणसांकडून. अशा गप्पांना पडवीसारखी जागा नाही. आता काळ त्याच्याही पुढे गेला आहे. २००६ चा वनहक्क कायदा झाला, २००९ साली शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि या तालुक्यातल्या किती तरी ग्रामसभा आज आपल्या जंगलाचा कारभार पाहतात. ज्या पडवीत आपल्या पणजोबांनी रात्रभर पंख्याची दोरी ओढली, तिथे महिन्यातून एक दिवस ग्रामसभेची सतरंजी अंथरली जावी. पाहुण्यांनीही ती सभा ऐकावी.

आणि चौथी गोष्ट, ते दार.

गेल्या श्रावणात मी पुन्हा त्या बंगल्यावर गेलो. वडील जाऊन आता वीस वर्षं झाली. झड लागली होती, तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. मागच्या अंगणातून भिंतीकडे पाहिलं आणि थबकलो. जुनी चुन्याची भिंत ओलीने गडद झाली होती, आणि तिच्या मधोमध सहा फूट उंच, अडीच फूट रुंद असा फिकट चौकोन उठून दिसत होता. वडिलांनी सिमेंटच्या मालात रचलेल्या विटा. चुना जेवढी ओल पितो तेवढी त्या पीत नाहीत, म्हणून पावसाळ्यात ते दार आपोआप दिसतं. जवळ गेलो. गिलाव्याला बारीक चीर गेली होती, त्यातून सागाची चौकट बोटाला लागली. साठ वर्षांनंतरही ती घट्ट होती.

तो चौकोन तसाच ठेवा, एवढीच माझी विनंती आहे. त्यावर रंगाचा हात मारून तो झाकू नका, आणि विटा काढून ते दार उघडूही नका. शेजारी एक लहान पाटी लावा. मराठीत, आणि गोंडीतही. त्या पाटीवर लिहा, की या दाराने पाणी आणणारी आणि मैला उचलणारी माणसं येत-जात असत, आणि १९६३ साली हे दार कायमचं बंद केलं गेलं. माणसांची नावं कोणाला आठवत असतील तर तीही लिहा.

गुरुजींनी पाटीवरच्या नकाशात मला दार दाखवायला सांगितलं होतं. इतक्या वर्षांनी मी ते दाखवलं, असं मला वाटतं.